‘आक्रमक पेशी तेवढ्या मारा’ हे मला मान्य नाही

पाषाणकर: काल एका पोस्टमध्ये वाचलं, ‘कर्करोगाच्या गाठीतल्या मोजक्या आक्रमक पेशी मारल्या की झालं, बाकीच्या निरुपद्रवी.’ डोकंच फिरलं. 2017 साली स्तनाच्या कर्करोगावर उंदरांत झालेलं काम बघा. ईएमटी होऊन गेलेल्या, म्हणजे एकमेकींना चिकटून राहणं सोडून फिरत्या झालेल्या, पेशी प्रथिनं बाहेर सोडतात, त्यामुळे शेजारच्या गरीब दिसणाऱ्या पेशींत ग्ली हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि मग त्याही पसरायला लागतात. 2014 च्या एका प्रयोगात आयएल-11 हे पेशींना निरोप देणारं प्रथिन स्रवणाऱ्या पेशी होत्या मूठभर, पण वाढत होती अख्खी गाठ. यात निरुपद्रवी कोण?

सदाशिवपेठी: पुन्हा उंदीर! स्रवणारे एन्झाइम अडवले की पसरणं थांबेल म्हणून मारिमास्टॅट नावाचं औषध आणलं होतं. पेशंटचे सांधे धरले, आयुष्य बहुतेक चाचण्यांत वाढलं नाही. बेव्हॅसिझुमॅब हे औषधही स्रवलेलं प्रथिनच अडवतं. स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेने 2008 ला मान्यता दिली आणि 2011 ला काढून घेतली.

पाषाणकर: औषध फसलं म्हणून पेशी एकमेकींशी बोलायच्या थांबल्या का?

कर्वेनगर: हे राहू द्या हो. सुई टोचली की गाठ बिथरते, त्यावर कोणी बोलत नाही. आमच्या ओळखीत बायोप्सीनंतर दोन महिन्यांत यकृतात गेलं.

लॅबवाली: कृपा करून हे इथे लिहू नका. माझ्या आत्याला शेजारच्या काकूंनी हेच सांगितलं. तिने सुई टाळली, काढे घेत बसली. आली तेव्हा गाठ कातडी फोडून बाहेर आली होती, ड्रेसिंग मी करत होते. तुमच्या ओळखीतल्यांच्या यकृतात ते आधीच गेलेलं असणार, दोन महिन्यांत दिसलं एवढंच.

कर्वेनगर: म्हणजे सुईने पेशी कधीच सांडत नाहीत?

लॅबवाली: सांडतात, क्वचित. यकृताच्या कर्करोगात सुईच्या वाटेवर गाठ आल्याचं माहीत आहे, म्हणून तिथे डॉक्टर जपून ठरवतात. पण त्या भीतीने छातीतली गाठ न तपासता ठेवायची?

कर्वेनगर: बरं, छातीचं मान्य. पण हे आम्हाला कोणी समजावून सांगत नाही, हा राग आहेच.

सदाशिवपेठी: मूळ मुद्द्यावर या. ‘निरुपद्रवी’ शब्द चुकीचा, एवढं देतो. पण पेशंटला याचा आज उपयोग काय?

लॅबवाली: आहे. पिशवीत ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड घेऊन लोक दुसऱ्या लॅबमध्ये येतात, केआय-67 चा, म्हणजे किती टक्के पेशी वाढीला लागल्यात त्याचा, आकडा बदलला की घाबरतात. गाठ सगळीकडे सारखी नसते, आकडा त्या तुकड्याचा असतो. रिपोर्ट हातात देताना हे कुणी सांगत नाही.

पाषाणकर: आणि त्या तुकड्यात गरीब पेशी दिसल्या म्हणून उपचार कमी करा म्हणणाऱ्याला माझा विरोध राहणारच.