आरपीएस१९ (जनुक) निगेटिव्ह आला, तरी डायमंड-ब्लॅकफॅन (मॅरोत लाल पेशी पुरेशा न बनणारा जन्मजात ॲनिमिया) असू शकतो का?

बालरोग_निवासी: ५ महिन्यांचा मुलगा. हिमोग्लोबिन ४.२, एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) १०४, रेटिक (नव्याने बनलेल्या लाल पेशी) ०.३ टक्के, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट नॉर्मल. मॅरोमध्ये (अस्थिमज्जेत) लाल पेशींच्या पूर्वज पेशी जवळजवळ नाहीत, बाकी सगळं जागेवर. आरपीएस१९ चं सँगर सिक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं वाचणारी चाचणी) निगेटिव्ह. आठवड्यापूर्वी रक्त चढवलंय. पुढे काय पाठवू? पुढच्या बाळाचं काय, असं आईवडील विचारताहेत.

लालपेशी: असू शकतो, नव्हे बहुधा तोच आहे. आरपीएस१९ हे १९९९ साली सापडलेलं पहिलं जनुक, पण ते जेमतेम पाव रुग्णांत सापडतं. आरपीएल५, आरपीएल११, आरपीएस२६, आरपीएल३५ए धरून रायबोसोमल प्रथिनांची (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या भागांची) वीसहून जास्त जनुकं आहेत, तेव्हा पूर्ण पॅनेल (ही सगळी जनुकं एकत्र तपासणारी चाचणी) लावा. शिवाय सँगरला अख्ख्या जनुकाचं डिलीशन (एक प्रत गळून जाणं) दिसत नाही: उरलेली एक चांगली प्रत वाचली जाते आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. म्हणून मागणीपत्रावर ‘कॉपी नंबर’ (जनुकाच्या प्रती मोजा) स्पष्ट लिहा, नाहीतर प्रती मोजणारी एमएलपीए चाचणी वेगळी करा.

रक्त चढवल्याने डीएनए चाचणी सहसा बिघडत नाही. डीएनए पांढऱ्या पेशींतून येतो. बिघडते ती ईएडीए (लाल पेशींतल्या एका एन्झाइमची चाचणी, या आजारात ते बहुधा वाढलेलं असतं), कारण ती दात्याच्या लाल पेशींत मोजली जाईल. रक्त चढवण्याआधीच्या रक्तनमुन्याची ईडीटीए बाटली लॅबच्या फ्रीजमध्ये उरली असेल तर आधी तिथे फोन करा. नसेल तर आईवडिलांची ईएडीए, एमसीव्ही आणि एचबीएफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) बघा.

जनुकवाचक: मुलगा आहे, तर पॅनेलमध्ये जीएटीए१ आणि टीएसआर२ हवेतच. दोन्ही एक्स गुणसूत्रावर आहेत, आई वाहक असू शकते. अंगठे आणि टाळू नीट बघा: फाटलेली टाळू दिसली तर आरपीएल५ कडे बोट जातं. पार्व्होव्हायरसची (लाल पेशी बनणं थांबवू शकणारा विषाणू) पीसीआर विसरू नका. मॅरोतल्या पूर्वज पेशींत पोकळ्या दिसत असतील तर पिअर्सन सिंड्रोम (वेगळाच आजार); त्यातलं डिलीशन मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत असतं, या पॅनेलमध्ये येणारच नाही.

बालरोग_निवासी: पोकळ्या नाहीत. टाळू ठीक, उजव्या अंगठ्याला तीन पेरं आहेत.

लालपेशी: मग हे आधी लिहायला हवं होतं! तीन पेरांचा अंगठा म्हणजे अर्धं निदान. आरपीएल११ वर खास लक्ष ठेवा.

समुपदेशक_ताई: आईवडिलांना आत्ताच टक्के सांगू नका. आधी बाळाचं म्युटेशन सापडू दे, मग तेच दोघांत शोधा. रायबोसोमल जनुकाचं असेल आणि एकात मिळालं, तर दर गरोदरपणात ५० टक्के, मग त्या पालकाचं हिमोग्लोबिन १४ का असेना. दोघांतही नसेल तर ते बाळात नव्यानेच आलेलं, निम्म्याहून अधिक वेळा असंच असतं. तरी धोका शून्य नाही, बीजपेशींत मोझेइसिझम (पालकाच्या काहीच पेशींत म्युटेशन असणं) असू शकतो. म्युटेशन माहीत असेल तर ११ ते १३ आठवड्यांत नोंदणीकृत केंद्रात सीव्हीएस (वारेचा छोटा नमुना घेऊन गर्भाची तपासणी) करता येतं.

आणि भावंडाला मॅरोदाता करायचं ठरलं, तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आहे एवढ्यावर जाऊ नका. मूक वाहकाची (म्युटेशन आहे पण लक्षणं नाहीत अशाची) मॅरो दिली की आजारच परत दिला जातो.