मदत हवी आहे: जनरेटर चालू होतो, पण बी विंगची लिफ्ट जागची हलत नाही

पाचवा मजला:

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुण्यात. पार्किंग अधिक सात मजले, ए आणि बी अशा दोन विंग, ५६ फ्लॅट. बिल्डरने २००९ साली बसवून दिलेला ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. त्यावर दोन लिफ्ट, वरच्या टाकीत पाणी चढवणारा साडेसात एचपीचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, गच्चीवरचा फायरचा पंप, इतकेच. घरांना जनरेटरची लाइन नाही.

मी कमिटीवर आहे, कारण वार्षिक सभेला अर्धा तास उशिरा पोचलो आणि तोवर माझी बिनविरोध निवड झाली होती. नोकरी बँकेत. विजेचे ज्ञान बल्ब बदलण्यापुरते. तेव्हा सांभाळून घ्या.

प्रकार असा आहे. वीज गेली की दहा-बारा सेकंदांत जनरेटर आपोआप सुरू होतो. जिन्यात उजेड येतो. ए विंगची लिफ्ट झकास चालते. बी विंगची चालत नाही. आत दिवा असतो, पंखा फिरतो, बाहेर मजल्याचा आकडा दिसतो. जाळीचे दार नीट ओढून बटण दाबा, ढिम्म. महावितरणची वीज परत आली की मिनिटभरात शहाण्यासारखी चालायला लागते.

एरवी चार जिने चढलो असतो आणि गप्प बसलो असतो. पण आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, आणि बी विंगमध्ये सहाव्या मजल्यावरचे एक काका मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिसला जातात. गेल्या गुरुवारी चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणले. तिसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय मुडपला. काकांना काही झाले नाही, पण काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

लिफ्टवाला म्हणतो, जनरेटरचा करंट खराब आहे. जनरेटरवाला म्हणतो, ए विंगची चालते म्हणजे दोष लिफ्टचा. दोघांना एकदम बोलावले तर दोघांपैकी एकच येतो. लिफ्टच्या पोऱ्याने शेवटी सांगितले की पॅनेलमध्ये एक रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) आहे, तो चिमटा मारून बायपास केला, म्हणजे टाळून वीज पुढे नेली, की चालेल. आणि चेअरमनसाहेबांनी नव्या जनरेटर सेटचे साडेनऊ लाखांचे कोटेशन आणले आहे. विक्रेता म्हणे, २०२३ पासून जुने सेट बेकायदाच झालेत.

नवा सेट घ्यावा का? की बायपास करून टाकू?

बारा-तेराचा पाना:

बायपास करू नका. बाकी रात्री घरी गेल्यावर लिहितो, पण तेवढे आधी वाचा. करू नका.

शंकेखोर:

सेट दमला असेल. लिफ्ट सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट खेचते. त्या झटक्याला व्होल्टेज बसत असेल. ए विंगची लिफ्ट आधी सुरू होते, बीला काही उरत नाही.

पाचवा मजला:

तसे वाटून ए विंगची बंद करून पाहिली. तरी बी हलत नाही. मोटरचा घूंsss असा आवाजसुद्धा येत नाही. जनरेटरच्या पॅनेलवरचे आकडे फोटोवरून देतो: तिन्ही फेजमध्ये ४१२ ते ४१५ व्होल्ट, ५०.८ हर्ट्झ.

कोकणमेवा:

गच्चीवर सोलर नाही का तुमच्या? आमच्या शेजारच्या सोसायटीने बसवलाय. ते लावा आणि जनरेटर भंगारात द्या.

इंजिनरूम:

@कोकणमेवा, ग्रिडला जोडलेला साधा सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतो, मुद्दामच. नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी, पण सात मजल्यांच्या लिफ्ट आणि पंपाला पुरेल एवढी बॅटरी म्हणजे पुन्हा लाखांत.

@पाचवा मजला, व्होल्टेज चांगले, फ्रिक्वेन्सी चांगली, आणि मोटर प्रयत्नसुद्धा करत नाही. म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही. लिफ्टला कोणीतरी "नाही" म्हणतेय. दर शनिवारी वगैरे सेट चालवून बघता का? कसा?

पाचवा मजला:

हो, दर शनिवारी सकाळी वॉचमन दहा मिनिटे चालवतो. रजिस्टर आहे. वीज असतानाच चालवतो, म्हणजे नुसते इंजिन. कुठे जोडत नाही.

इंजिनरूम:

म्हणजे इंजिन आवाज करते एवढेच तुम्हाला दर शनिवारी कळते. मी जहाजावर २२ वर्षे काढली. आमच्याकडे मुख्य वीज गेली की इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांत लोड (जोडलेल्या यंत्रांचा भार) घ्यायचा, असा सोलासचा, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या कराराचा, आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे ब्लॅकआउट चाचणीत खरोखर अंधार करतात आणि दिवे, सुकाणू, पंप एकेक चालतोय का ते बघतात. नुसता बिनलोडाचा सेट गुरगुरवला तर चीफ इंजिनिअर समुद्रात ढकलेल.

शिवाय डिझेल इंजिन रिकामे किंवा ३० टक्क्यांच्या खाली चालवत राहिले की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरमध्ये काळे तेलकट ओघळ येतात. तुमच्याकडे दिसतात का बघा.

पाचवा मजला:

दिसतात! भिंतीवर पण काळा पट्टा आहे. आम्हाला वाटले पावसाळ्यामुळे.

बारा-तेराचा पाना:

आलो. जेवण झाले, आता सावकाश लिहितो. मी परवानाधारक कंत्राटदाराकडे १४ वर्षे पॅनेलचे काम करतो.

मला दोन गोष्टी सांगा. एक, ए विंगची लिफ्ट नवी आहे का, म्हणजे तिचे पॅनेल मधल्या काळात बदलले आहे का? दोन, आणि हे वॉचमनला विचारा, चेअरमनना नको: जनरेटरवर पाण्याचा पंप चालवला तर वरची टाकी भरते का?

पाचवा मजला:

ए विंगची २०२१ मध्ये आधुनिक केली, आपोआप उघडणारे दार वगैरे. बीचे पैसे जमले नाहीत (बी विंगवाल्यांपुढे विषय काढू नका). टाकीचे उद्या विचारतो. पण पंप चालतो हे नक्की, मी स्वतः आवाज ऐकलाय.

पाचवा मजला:

विचारले. अंगावर काटा आला म्हणून लगेच लिहितोय. वॉचमनदादा म्हणाले, "साहेब, जनरेटरवर पंप तासभर चालवला तरी टाकी भरत नाही, म्हणून मी लाइट आल्यावरच लावतो." तुम्हाला इथे बसून कसे कळले?

बारा-तेराचा पाना:

कारण पंप उलटा फिरतोय. 

थ्री फेज विजेत लाल, पिवळा, निळा अशा तीन फेज एका ठराविक क्रमाने येतात. मोटर कोणत्या बाजूला फिरणार ते या क्रमावर ठरते. तिघांतल्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. दिव्यांना याचे सोयरसुतक नाही, व्होल्टमीटरलाही नाही, म्हणून तुमचे ४१५ चे आकडे छान दिसतात. तुमच्या जनरेटरचा क्रम महावितरणच्या क्रमाच्या उलट आहे.

पाण्याचा पंप उलटा फिरला तरी आवाज तोच येतो. थोडे पाणीही ढकलतो, पण सात मजले चढवण्याइतका दाब येत नाही. म्हणून टाकी भरत नाही.

बी विंगच्या जुन्या लिफ्टमध्ये मोटरला थेट लाइन मिळते. तिच्या पॅनेलमध्ये क्रम तपासणारा रिले असतो. क्रम उलटा दिसला की तो लिफ्टला हलूच देत नाही. तुमच्या लिफ्टमध्ये बिघाड नाहीच, ती तिचे काम चोख करतेय. ए विंगच्या नव्या लिफ्टमध्ये ड्राइव्ह आहे. तो आलेली वीज आधी डीसी करतो आणि मग मोटरसाठी स्वतःचे तीन फेज बनवतो, त्यामुळे येणारा क्रम काही असला तरी मोटर बरोबर फिरते.

आता तो बायपास. रिले काढला असता तर लिफ्ट चालली असती, फक्त वरचे बटण दाबल्यावर खाली गेली असती. आणि खाली जाताना तळाचा लिमिट स्विच (टोकाला लिफ्ट थांबवणारा) लागतो तेव्हा तो "खाली"चा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज देणारा स्विच, तोडतो, पण चालू असतो "वर"चा. राहतो त्याच्याही पलीकडचा, शेवटचा फायनल लिमिट स्विच. डायलिसिसचे काका आत असताना त्याच्यावर विसंबायचे का, तुम्हीच ठरवा. त्या पोऱ्याला पुन्हा पॅनेलला हात लावू देऊ नका.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत जनरेटरच्या केबलचे, पॅनेलचे काही काम झाले का?

पाचवा मजला:

दिवाळीनंतर उंदरांनी केबल कुरतडली होती. नवी टाकून घेतली. त्याआधी लिफ्ट चालायची का ते कोणालाच आठवत नाही, पण काकू म्हणतात चालायची. (होय, बोलल्या.)

बारा-तेराचा पाना:

सापडला उंदीर.

इंजिनरूम:

पाना, सलाम. @पाचवा मजला, एक प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून विचारतो. गच्चीवरचा फायरचा पंप याच सेटवर आहे असे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिले आहे. तोही उलटाच फिरणार ना?

पाचवा मजला:

...

जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरला जातो, तेव्हा एजन्सीचा माणूस पंप चालवून दाखवतो. पण वीज असताना.

इंजिनरूम:

आणि आगीत बहुधा पहिली वीजच तोडतात.

आजीचा नातू:

मी मुंबईत एका रुग्णालयात बायोमेडिकलला आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, कोविडचे दिवस, तेव्हा मी ड्युटीवर होतो. सेट लगेच आला, पण एका मजल्यावरचे सॉकेट जनरेटरच्या लाइनवर नव्हतेच, नंतर कोणीतरी वाढवलेले. व्हेंटिलेटर स्वतःच्या बॅटरीवर होता म्हणून निभावले. तेव्हापासून आम्ही कुठला सॉकेट कशावर हे रंगाने दाखवतो. तुम्हीही सेटवर नक्की काय काय आहे त्याची यादी पॅनेलच्या दारावर चिकटवा.

पाचवा मजला:

आता नक्की काय करून घेऊ? आणि साडेनऊ लाखांचे काय?

बारा-तेराचा पाना:

परवाना असलेला विद्युत कंत्राटदार बोलवा. ओळखीचा वायरमन नको. त्याला सांगा, फेज सिक्वेन्स मीटर घेऊन ये. छोटे यंत्र असते, तीन चिमटे लावायचे, चकती सरळ की उलटी फिरते ते दिसते. आधी महावितरणच्या बाजूला बघायचे, मग जनरेटरच्या. दोन्हीकडे सारखी फिरली पाहिजे.

उलटी निघाली तर दोन तारांची अदलाबदल जनरेटरकडून पॅनेलमध्ये येणाऱ्या केबलवरच करायची. लिफ्टच्या किंवा पंपाच्या बाजूला केली तर जनरेटरवर चालेल आणि विजेवर बंद पडेल. मग तुम्ही इथे दुसरा धागा काढाल.

हात लावण्याआधी सेट ऑटोवरून काढायचा आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडायची. नाहीतर मध्येच वीज गेली तर सेट बिचारा कर्तव्य म्हणून सुरू होईल आणि माणूस केबलला चिकटेल. हे मी पाहिले आहे, जास्त लिहीत नाही. जाता जाता अर्थिंगचे चार पिटही (जमिनीतले खड्डे) मोजायला सांगा, दोन न्यूट्रलचे, दोन बॉडीचे. २००९ पासून कोणी त्यात पाणी ओतले नसणार.

साडेनऊ लाखांचे: १ जुलै २०२३ पासूनचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे धुराबाबतचे सीपीसीबी-४ प्लस नियम नव्याने बनणाऱ्या आणि विकल्या जाणाऱ्या सेटसाठी आहेत. तुमचा जुना सेट त्याने बेकायदा होत नाही. शिवाय ६२.५ केव्हीए म्हणजे ५० किलोवॅट. तुमच्या लोडची यादी बघता निम्माही वापर होत नसेल. उद्या कधी बदललाच तर लोड मोजून लहान घ्या.

गुडगावकर:

एक भर. आमच्या दिल्ली-एनसीआरमध्ये जुन्या सेटवर वेगळी बंधने आहेत, धूर गाळणारे यंत्र किंवा गॅसवर चालण्याचे किट लावावे लागते. विक्रेत्याने तिकडची बातमी तुम्हाला विकली असेल.

पाचवा मजला:

मंडळी, आज काम झाले. मीटरची चकती जनरेटरच्या बाजूला उलटी फिरली, आम्ही सगळे लहान मुलांसारखे वाकून बघत होतो. पिवळी आणि निळी तार बदलली. मग कंत्राटदाराने मेन स्विच पाडून खरीच वीज घालवली. बी विंगची लिफ्ट गेली. पाणी वर आले. फायरच्या पंपाच्या दाबाचा काटा पहिल्यांदाच जनरेटरवर चढला. अर्थिंग आणि सगळे धरून बिल २,८०० रुपये.

घरी आल्यावर शनिवारचे रजिस्टर चाळले. "ठीक", "ठीक", "ठीक". शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, वॉचमनदादांनी डिसेंबरपासून तीनदा लिहिले आहे: "जनरेटरवर टाकी भरली नाही." खाली सही माझी.

उद्यापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अर्धा तास सगळ्या लोडवर चाचणी घ्यायची ठरवतोय. कोणी लिफ्टमध्ये असताना स्विच पाडला तर पंचाईत, तेव्हा वेळ कोणती बरी?

इंजिनरूम:

सकाळी ११, काका डायलिसिसला गेलेले असतील तेव्हा. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज, आणि स्विच पाडताना दोन्ही लिफ्टच्या दारात एकेक माणूस उभा.

पाचवा मजला:

काका म्हणतात, मी घरी असतानाच करा, मला बघायचंय. बरं, शेवटचा प्रश्न: चेअरमनसाहेबांनी नव्या सेटसाठी २५ हजार टोकन देऊन टाकलेत. परत मिळतील का?

शंकेखोर:

त्यासाठी वेगळा धागा काढा.