मदत हवी आहे: आत्मपरीक्षण करताना सेवेतला उत्साह टिकवायचा कसा?

प्रभूमध्ये सलाम. नागपूरला 'सदर' नावाच्या भागात राहतो, प्रोटेस्टंट मंडळीतला (चर्चमधला) आहे. वर्षभर तरुणांची पहाटेची प्रार्थना चालवतो आहे. सुरुवातीला मनापासून आस्था होती. हल्ली प्रार्थना सुरू असताना कोण आलं नाही, याचीच मनात मोजणी चालते. बायबलमध्ये लूक 18 मधला परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी धार्मिक माणूस) देवापुढे आठवड्यातल्या दोन उपासांचा हिशेब देतो ना, अगदी तसंच. हे लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं.

रोज रात्री स्तोत्र 139 च्या शेवटच्या दोन ओव्या ('देवा, माझं मन तपासून पाहा' अशा अर्थाच्या) वाचून वहीत चुका लिहू लागलो. महिन्याभरात त्या वहीचाच अभिमान वाटायला लागला, नाहीतर मग नुसता स्वतःला दोष देणं. दोन आठवडे पुढारपण दुसऱ्याकडे दिलं, तर माझंच प्रार्थनेला जाणं थांबलं. पाळकसाहेबांशी (आमच्या पास्टरांशी) बोललो, ते म्हणाले सेवा सोडू नकोस. पण रोज नेमकं काय करायचं, ते राहूनच गेलं.

नागपूरजवळ बुटीबोरीला शिफ्टची नोकरी आहे, रात्री वीसेक मिनिटंच मिळतात. वचनं मला माहीत आहेत, मला अनुभव हवा आहे. 1 करिंथ 11:28 मध्ये परीक्षा करून मग भाकर खावी असं आहे, म्हणजे परीक्षेचा शेवट प्रभूच्या मेजाशी, भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या प्रभूभोजन विधीत, व्हायला हवा. माझा मात्र प्रभूभोजनाच्या आदल्या रात्री मागे हटण्यात होतो.

तुम्ही स्वतःला नेमके कोणते प्रश्न विचारता, एकट्याने की एखाद्या विश्वासू भावासोबत, आणि तपासणी कुठे थांबवता?