क्रीटला जायचं तर वसंतातच

एप्रिल-मेमध्ये समुद्र गार असतो, म्हणून मित्रांसोबत क्रीट या ग्रीक बेटावर जुलै-ऑगस्टमध्येच जावं, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. पाणी गार असतं हे खरं, पण निवांतपणा हवा असेल तर वसंतच! तिथल्या खानिया शहराच्या जुन्या व्हेनेशियन बंदरावर तेव्हा गर्दी कमी असते, आणि मागे लेफ्का ओरी डोंगररांगेच्या माथ्यावर बर्फ दिसतो. आम्ही मित्रमंडळी तिथे दुपारभर गप्पा छाटत बसायचो. मधोमध डाकोस: बार्लीचा कडक पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, वर ऑलिव्ह तेलाची सढळ धार. टोमॅटोचं पाणी पावात मुरू द्यायचं, मगच खायचं. जेवणानंतर राकी, म्हणजे द्राक्षांपासूनची कडक दारू, बरेचदा न मागताच येते. शाकाहारी मंडळींनी होर्ता, म्हणजे लिंबू पिळलेल्या उकडलेल्या रानभाज्या, जरूर घ्याव्यात.

चालायची हौस असेल तर समारियाची घळ साधारण मेच्या सुरुवातीला उघडते. सोळाएक किलोमीटर उतार आहे, गुडघे बोलतात. सगळ्या गटाला ओढू नका. शेवटच्या आगिया रुमेली गावाला गाडीरस्ता नाही, त्यामुळे परतीच्या बोटीची वेळ आधीच बघून ठेवा.