सिटिझनशी लग्न केलं की व्हिसाचं टेन्शन संपलं म्हणे!

मिशिगनची_माहेरवाशीण
आमच्या वधूवर ग्रुपवर काल एक स्थळ आलं. "मुलगा यूएस सिटिझन, लग्न झालं की मुलीला लगेच ग्रीन कार्ड, व्हिसाचं टेन्शन नाही, त्यामुळे मुलीने इथली नोकरी साखरपुड्यानंतर सोडली तरी चालेल." खाली सगळ्या काकूंचे जोडलेले हात आणि "छान स्थळ". तिथे काही लिहिलं असतं तर मला ग्रुपमधून काढलं असतं, म्हणून इथे लिहितेय.

लगेच म्हणजे कधी हो? आधी त्याने आय-१३० (बायकोला बोलवायचा अर्ज) भरायचा, तो मंजूर व्हायची वाट बघायची, मग एनव्हीसी म्हणजे तिकडचं व्हिसा केंद्र, मग डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, पोलिसांचा दाखला, मेडिकल, आणि मग कधीतरी मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यूची तारीख. वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तोवर नवरा तिकडे, मुलगी इकडे, आणि मध्येच भेटायला म्हणून टुरिस्ट व्हिसा मागायला गेली तर खिडकीतला माणूस विचारणार की नवरा तिकडे आहे तर तू परत कशाला येशील. नोकरी तर साखरपुड्यालाच सोडलेली! मग बसा घरी, "काय गं, कधी बोलावतोय?" ऐकत.

बरं, पोचल्यावर लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्डही दोनच वर्षांचं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (कार्ड कायम करायचा अर्ज) भरायचा, दोघांच्या सह्यांनी. इथे मिशिगनला आमच्या गावात सांगलीकडची एक मुलगी आहे, तिचा नवरा प्रत्येक भांडणात "सही करणार नाही, जा परत" म्हणायचा. घटस्फोट झाला किंवा छळ होत असेल तर एकटीलाही अर्ज करता येतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, देवळात भेटलेल्या एका बाईने वकिलाकडे नेलं तेव्हा कळलं. हे पण छापा की बायोडेटावर, उंची आणि गोत्राच्या मध्ये.

रांगेतला_राम
वर्ष-दीड वर्षाचे हाल वाचून डोळे पाणावले ताई. माझी ईबी-२ ची, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या रांगेतली, डेट २०१५ ची आहे. एका देशाला सात टक्के कार्डं, मग तो आइसलँड असो की भारत. सिटिझनच्या नवऱ्याबायकोला कसला कोटाच नाही, या कितीही. माझी मुलगी इथे आली तेव्हा बालवाडीत होती, आता २१ ची झाली की माझ्या अर्जातून बाहेर पडायची वेळ येईल आणि तिला स्वतःचा व्हिसा शोधावा लागेल. ऑफिसातल्या एका पोराने इथल्या मुलीशी लग्न केलं, कार्ड मिळाल्यावर तीन वर्षांनी सिटिझनशिपचा अर्ज टाकून मोकळा. तो मतदान करणार आणि आम्ही टॅक्स भरणार.

मिशिगनची_माहेरवाशीण
राम, रांगेचं दुःख खरंच आहे, पण ती रांग काही मुलींनी लावलेली नाही. तुम्ही कंपनी बदललीत तरी तुमची डेट राहते. तिचा स्पॉन्सर म्हणजे नवरा, तो बदलला तर तिने काय करायचं?

रांगेतला_राम
कंपनी बदलली की पर्म (या कामाला इथला माणूस मिळत नाही हे दाखवायची प्रक्रिया) पहिल्यापासून, जाहिराती पहिल्यापासून, वकील पहिल्यापासून. माहीत नसेल तर बोलू नये. (डेट राहते. तेवढं मान्य.)

द्राक्षबागायतदार_नाशिक
मला हे कळत नाही की यात एवढं चिडण्यासारखं काय आहे. लग्न ठरवताना फ्लॅट कुठे, पॅकेज किती, आईबाप गावाला राहतात की जवळ, हे सगळं बघितलेलं चालतं, मग पासपोर्ट बघितला तर काय बिघडलं? उलट तो माणूस सरळ सांगतोय. आमच्याकडे या. माझ्या चुलतभावाची आठ एकर द्राक्ष आहेत, माल एक्स्पोर्टला जातो, तरी पोराला मुलगी मिळेना. शेतकऱ्याच्या मुलीचा बापच म्हणतो शेतकरी नको. त्याचं द्राक्ष युरोपात जातं, त्याला मात्र पिंपरी-चिंचवडची मुलगीसुद्धा नाही म्हणते. यावर कोणी धागा काढत नाही.

मिशिगनची_माहेरवाशीण
काढा की तुम्ही. पण एक्स्पोर्टचा भाव सांगताना औषधाचा खर्चही सांगता ना? मग स्थळ सांगताना का नाही?

लेस्टरची_सून
अमेरिकावाल्यांचं नेहमीचं आहे, जग तिथेच संपतं. यूकेत तर नुसता सिटिझन असून भागत नाही, पगारदार सिटिझन लागतो. २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट होती, एप्रिल २०२४ मध्ये एका फटक्यात २९,००० केली. माझा नवरा इथेच जन्मला, केअर होममध्ये काम करतो, त्याचा पगार त्यात बसेना. माझा पुण्यातला पगार? तो ते मोजतच नाहीत. शेवटी त्याने वीकेंडची दुसरी नोकरी धरली आणि सहा महिन्यांच्या पे-स्लिपा जमवल्या. वर हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंड, तोही आगाऊ आणि सगळ्या वर्षांचा एकदम. सासूबाई अजून म्हणतात, मुलगी पासपोर्टसाठी आली. एवढ्या पैशात मी कोथरूडला डाउन पेमेंट केलं असतं.

खडूस_काका
सासूबाईंचं अगदीच चुकत नसेल. पासपोर्टसाठी लग्नं होतात म्हणूनच हे नियम आले. दोन महिन्यांच्या ओळखीवर के-१, म्हणजे अमेरिकेचा वाग्दत्त वधूचा व्हिसा, मागायचा आणि कार्ड हातात पडलं की टाटा. आणि एवढा उमाळा असेल तर आपल्या सरकारकडे पण बघा. परदेशी सुनेला ओसीआय (भारतात कायम येण्या-राहण्याचं कार्ड) हवं तर लग्न नोंदवलेलं पाहिजे आणि दोन वर्षं टिकलेलं पाहिजे, घटस्फोट झाला की ते कार्डही जातं. तेव्हा कुणाला स्त्रीमुक्ती आठवत नाही.

लेस्टरची_सून
काका, माझ्या सासूबाई तुम्ही पाहिलेल्या नाहीत, मी तुम्हाला पाहिलेलं नाही, असंच राहू दे.

जर्मनीचा_जावई
पुरुषांची बाजू कोणी मांडतच नाहीये म्हणून लिहितो. बायको जर्मन, मी साताऱ्याचा. मला जर्मन भाषेची ए-वन परीक्षा द्यावी लागली, पुण्यात मॅक्सम्युलर भवनला एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर बसून डेर-डी-दास केलं. माझा मित्र ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर) गेला, त्याची बायको एक शब्द न शिकता विमानात बसली, कारण ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला ती अट नाही. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नागरिकाचा नवरा जास्त संशयित!

त्याहून मजा कागदपत्रांची. आपलं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, त्यामुळे ते स्वतःचा माणूस पाठवून पडताळणी करतात. तो आमच्या सोसायटीत येऊन शेजारच्या काकूंना विचारून गेला. काकू म्हणाल्या, मुलगा चांगला आहे पण गाडी आमच्या जागेत लावतो. त्यापेक्षा मोठा घोळ आईच्या नावाचा झाला. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, कारण पहिलं बाळंतपण माहेरी, आजोबांनी नोंद केली. बाकी सगळीकडे लग्नानंतरचं. आई एकच आहे हे पटवण्यात महिने गेले.

आजोळ_वाई
इथेच खरी गोम आहे, व्हिसात नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहिलं की सगळे टाळ्या वाजवतात. माझ्या बहिणीचं दहावीचं सर्टिफिकेट एका नावाने, डिग्री त्याच नावाने, लग्नाचा दाखला नवीन नावाने, आधारवर सासूने हौसेने ठेवलेलं तिसरंच नाव. अमेरिकेतला मेव्हणा म्हणतो आता सगळं एक कर. अगं बाई, तुम्हीच तीन केलीत ना?

खडूस_काका
नवऱ्याचं नाव लावायची लाज वाटते असं सरळ म्हणा. परंपरा आहे ती.

आजोळ_वाई
परंपरा आहे तर गॅझेटच्या जाहिरातीचा खर्च आणि वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या पण परंपरेने सासऱ्यांनी चढाव्यात.

द्राक्षबागायतदार_नाशिक
आमच्याकडे नाव बदलायचं बंद झालंय पण आडनाव बदलतातच. तलाठ्याकडे सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायला गेलो तेव्हा समजलं.

खडूस_काका
पासपोर्टवर नवऱ्याचं नाव नसेल तर बीकेसीवाला विचारणार नाही का की हा तुझा कोण?

मिशिगनची_माहेरवाशीण
नाही विचारत! माझ्या पासपोर्टवर आजही माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव आहे. त्यांना लग्नाचा दाखला लागतो, जुने फोटो लागतात, एकमेकांच्या संपर्कात असल्याचा पुरावा लागतो, आडनाव नाही लागत. उलट ज्यांनी बदललं त्यांनाच जास्त कागद जोडावे लागतात.

खडूस_काका
तुमचं एकटीचं उदाहरण म्हणजे नियम नव्हे. माझ्या भाचीने सगळं बदलून घेतलं आणि तिला दोन मिनिटांत व्हिसा मिळाला.

आजोळ_वाई
नाव बघून नव्हे, नवऱ्याचा टॅक्स रिटर्न बघून मिळाला असेल. आय-८६४ मध्ये, म्हणजे बायकोला पोसायच्या हमीपत्रात, पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या) १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, तांदळाचं ताट नाही.

रांगेतला_राम
आणि त्या आय-८६४ वर सही केलेला नवरा घटस्फोटानंतरही अडकतो हे कुणी सांगितलंच नाही. ती सिटिझन होईपर्यंत किंवा ४० क्वार्टर (तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं) काम भरेपर्यंत जबाबदारी त्याच्यावर. तेव्हा माहेरवाशीणताई, सगळी दोरी नवऱ्याच्या हातात हे चित्र जरा अर्धवट आहे.

मिशिगनची_माहेरवाशीण
मुद्दा बरोबर आहे, टाळ्या. पण त्या दोरीचं दुसरं टोक तिच्या हातात आहे हे त्या सांगलीच्या मुलीला कोण सांगणार, तुम्ही? काकांना विचारून बघा, ते म्हणतील बाईने कोर्टात जाऊ नये.

खडूस_काका
माझ्या तोंडात शब्द घालू नका. मुलीने जरूर कोर्टात जावं. इथल्या कोर्टात जावं. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय की आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशातून आणलेला घटस्फोट इथे चालणार नाही. मी बँकेत होतो, अडाणी नाही.

लेस्टरची_सून
बघा, काकांनी उपयोगाचं काहीतरी सांगितलं. तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

जर्मनीचा_जावई
नावाचं पुढे काय झालं? अमेरिकेत सिटिझनशिपच्या अर्जातच नाव बदलता येतं म्हणे?

मिशिगनची_माहेरवाशीण
हो, एन-४०० मध्ये तो पर्याय असतो, शपथविधी कोर्टात असेल तर तिथेच बदलतं. माझ्या एका मैत्रिणीने तेव्हा माहेरचं नाव परत घेतलं. नवऱ्याला शपथविधीच्या हॉलमध्ये कळलं.

खडूस_काका
बिचारा.

नवीन_आयडी_घेतलाय
मी वाचनमात्र असते, पण एक विचारू का? लग्न गेल्या वर्षी झालंय, नवरा सिटिझन आहे, आय-१३० ला लग्नाचा दाखला हवाय आणि नोंदणी केलेलीच नाही. हॉलवाल्यांचं पत्र आणि पत्रिका आहे. ती चालेल का?

मिशिगनची_माहेरवाशीण
पत्रिका फोटोंबरोबर लावा, पण दाखल्याऐवजी चालणार नाही. पालिकेत जाऊन नोंदणी करा, ९० दिवस उलटले असले तरी उशिराची फी भरून होते. तीन साक्षीदार आणि लग्न लावलेल्या गुरुजींची सही लागेल, तेव्हा आधी गुरुजींना फोन करा. आणि अर्जावर तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा, तांदळातलं नको.

खडूस_काका
गुरुजींना दक्षिणा पण द्या. सहीला वेगळी घेतात.