वॉचमनच्या केबिनमधली निळी कार सीट

सुलभा काकू (बी-१०२): वॉचमनच्या केबिनमध्ये बाळाला गाडीत बसवायची निळी कार सीट कोणी आणून ठेवली? नाव नाही विचारत, मला माहीत आहे. स्वतः धुवून, गच्चीवर वाळवून, कव्हरची उसवलेली शिवण घालून दिली होती. नको होती तर घरी आणून द्यायची. बाहेर कुत्र्यापाशी ठेवायची वस्तू आहे का ती

वैशाली ताई (बी-२०३): काकू काय झालं?

सुलभा काकू (बी-१०२): काही नाही, चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत.

स्वप्निल (ए-३०३): ए विंगच्या रॅम्पवर पांढरी गाडी आडवी लागली आहे. कृपया काढा. मला १२ वाजता निघायचं आहे.

मृणाल (बी-३०४): काकू, मीच ठेवली. काल संध्याकाळी दोनदा बेल वाजवली, तुम्ही भजनाला गेल्या होत्या. कडेवर बाळ रडत होतं, सीट जड, परत वर नेणं जमलं नसतं म्हणून भैयाला सांगून ठेवली. माझं चुकलं, आधी फोन करायला हवा होता. पण परत का केली ते तुम्हाला एकटीला सांगणार होते.

सुलभा काकू (बी-१०२): आता इथेच सांग. सगळ्यांनी वाचलंच आहे.

मृणाल (बी-३०४): ही तुमच्या जुन्या गाडीतली ना काकू? दिवाळीच्या आधी छत्रपती चौकात ठोकली तेव्हा गाडीत होती. धडक बसलेली सीट पुन्हा वापरायची नसते असं सीटच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. मला हे आधी माहीत नव्हतं, नाहीतर घेतानाच सांगितलं असतं.

सुलभा काकू (बी-१०२): तिला एक ओरखडा नाही. आणि माझा नातू ओम तेव्हा त्यात नव्हताच, सीट रिकामी होती.

प्रमोद काका (ए-२०१): हे काय नवीन आलं बाप्पा. आमचे तिन्ही पोट्टे आईच्या मांडीवर बसून नागपूर ते यवतमाळ जायचे, तेही ॲम्बेसिडरमध्ये, मागे सात जण. एवढ्याशा लेकराले खुर्चीत बांधून काहून ठेवता? आईच्या मांडीपेक्षा सेफ जागा नाही.

निखिल (बी-४०१): काका तेव्हा वर्धा रोडवर एवढ्या गाड्या तरी होत्या का, आता ४० च्या खाली कोणी चालवून राहिलं का सांगा

प्रमोद काका (ए-२०१): मी चालवतो.

वैशाली ताई (बी-२०३): म्हणून तर काका तुमच्या मागे बर्डीपर्यंत रांग लागते 😄

स्वप्निल (ए-३०३): रॅम्पवरची पांढरी गाडी. परत सांगतो. पांढरी.

डॉ. रश्मी (ए-४०३): ओपीडी आत्ता संपली म्हणून उशिरा लिहून राहिले. प्रमोद काका, रागवू नका, पण मांडीबद्दल बोलायलाच हवं. ५० च्या स्पीडला गाडी धडकून एकदम थांबली तर तो मार साधारण १० मीटरवरून खाली पडल्यासारखा असतो, म्हणजे आपल्या बिल्डिंगचा तिसरा मजला. त्या क्षणाला ६ किलोचं बाळ हातात ८०-८५ किलोचं होतं. कोणती आई ते धरून ठेवेल? आणि आईने बेल्ट लावला नसेल तर ती मागून बाळावरच येते. आईच्या बेल्टच्या आत बाळाला घेतलं तर त्याहून वाईट, आईचं सगळं वजन आणि बेल्ट मिळून बाळ दाबलं जातं. मांडीवरचं बाळ सेफ वाटतं कारण बहुतेक प्रवासात काही होत नाही.

प्रमोद काका (ए-२०१): तिसरा मजला म्हणजे मृणालचीच बाल्कनी.

डॉ. रश्मी (ए-४०३): हो काका, तीच. आणि काकू, तुमच्या सीटबद्दल. गाडी किरकोळ घासली, दार नीट उघडलं, कोणाला लागलं नाही, एअरबॅग उघडली नाही, सीटवर काही दिसत नाही, हे सगळं असेल तर काही ठिकाणी तीच सीट चालते म्हणतात. पण तुमच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या होत्या आणि गाडी क्रेनने न्यावी लागली होती, आम्ही सगळे खाली उभे होतो. तशा धडकेनंतर ती सीट नाहीच वापरायची. बाळ आत नसलं तरी सीटवर ताण आलेलाच असतो.

सेक्रेटरी भाऊ (ए-१०१): सर्व सभासदांना विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. वैयक्तिक विषय वैयक्तिक चॅटवर घ्यावेत. 🙏

वैशाली ताई (बी-२०३): भाऊ, तुमच्या भाच्याच्या लग्नाचे ४७ फोटो कोणत्या कामासाठी होते

सेक्रेटरी भाऊ (ए-१०१): ती वेगळी गोष्ट आहे. आणि मेंटेनन्सचा एप्रिलचा हप्ता काही फ्लॅटचा बाकी आहे, तेही लक्षात घ्यावं.

वैशाली ताई (बी-२०३): आमचा भरलेला आहे. पावती हवी का?

स्वप्निल (ए-३०३): पावती नंतर, आधी रॅम्प.

मृणाल (बी-३०४): मी एकदाच सगळं लिहिते कारण मागच्या दोन आठवड्यांत मला चार जणांनी लिफ्टमध्ये टोकलं आहे. पुढच्या शनिवारी आम्हाला अमरावतीला आईकडे जायचं आहे, दीडशे किलोमीटर, बाळ सव्वापाच महिन्यांचं, आमची गाडी जुनी हॅचबॅक, २०१४ ची, तिला आयसोफिक्स, म्हणजे कार सीट थेट अडकवायचे दांडे, नाहीत. बर्डीवरच्या दुकानात गेलो तर तो मला रंग दाखवून राहिला, गुलाबी की ग्रे. मी विचारलं पट्टा पुरतो का तर म्हणाला मॅडम सगळ्यांना पुरतो. त्याच्या दारातच आमच्या गाडीत लावून बघितली तर बेल्ट चार बोटं कमी पडला, क्लिक लागलीच नाही. तेव्हा कळलं की गाडीत बसवून न पाहता सीट घेऊच नये. दुसऱ्या दुकानात घेतली तिला बेल्ट बरोबर पुरला. काकूंनी मायेने दिलेली वस्तू मी नाकारली असं झालं याचं मला फार वाईट वाटून राहिलं.

निखिल (बी-४०१): आयसोफिक्स आहे की नाही बघायचं असेल तर मागच्या सीटच्या बसायच्या आणि टेकायच्या गादीच्या फटीत हात घालून पाहा, दोन स्टीलचे दांडे लागतात, साधारण २८ सेंटिमीटरच्या अंतरावर. आमच्या गाडीत होते पण शोरूममधून निघताना रेक्झिनचं जाड कव्हर मारून घेतलं होतं, त्याखाली दबले. कव्हर कापून जागा करावी लागली.

प्रमोद काका (ए-२०१): आणि खुर्ची मागे तोंड करून काहून लावता? लेकरू मागचाच रस्ता पाहत जाईल.

डॉ. रश्मी (ए-४०३): काका हाच खरा प्रश्न आहे. तान्ह्या बाळाचं डोकं उंचीच्या जवळजवळ पाव भाग असतं, आपलं तसं नसतं. मान कच्ची. पुढे तोंड करून बसवलं आणि गाडी धडकली की शरीर पट्ट्यात अडकतं आणि ते जड डोकं एकट्या मानेवर पुढे फेकलं जातं. मागे तोंड असेल तर पाठ, डोकं, मान तिन्ही सीटच्या पाठीत रुततात आणि मार सगळ्या पाठीवर वाटला जातो. युरोपच्या कार सीटच्या आर१२९ नियमात १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करायची परवानगीच नाही. आणि १५ महिने झाले म्हणजे लगेच फिरवायलाच हवं असंही नाही, सीटच्या मर्यादेत जेवढं जास्त मागे तोंड ठेवाल तेवढं चांगलं. पाय दुमडतात म्हणून घाबरू नका, लेकरं मांडी घालून बसतात.

आणि हे फार महत्त्वाचं: मागे तोंड असलेली सीट पुढच्या सीटवर कधीच नाही. ती एअरबॅगला टेकून असते. एअरबॅग उघडली की सरळ बाळाच्या डोक्यामागे मारते.

स्वप्निल (ए-३०३): १२ वाजून गेले. पांढरी गाडी. रॅम्प.

सेक्रेटरी भाऊ (ए-१०१): कायद्याचं काही आहे का यात, म्हणजे नोटीस बोर्डावर लावता येईल.

निखिल (बी-४०१): आहे ना भाऊ. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-बी, २०१९ च्या दुरुस्तीत आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड. पण दंडासाठी नका लावू नोटीस.

प्रमोद काका (ए-२०१): पण मांडीवर लेकरू शांत राहते हे तर खरं ना.

डॉ. रश्मी (ए-४०३): राहतं काका. म्हणून घरी, झोपाळ्यावर, अंगणात खुशाल घ्या. गाडी चालू झाली की नाही. मृणाल, अमरावतीच्या रस्त्यात कोंढाळीला एकदा आणि तळेगावला एकदा थांबायचंच, बाळाला बाहेर काढून पाठ सरळ होऊ द्यायची. तू त्याच्या शेजारी मागे बस. हनुवटी छातीला टेकली तर लगेच थांबा, श्वासाची वाट अडते. आणि पोचल्यावर झोपलंय म्हणून सीटमध्येच ठेवू नकोस, उचलून सपाट गादीवर घे.

वैशाली ताई (बी-२०३): आणि ऊन? ४४-४५ मध्ये गाडी उभी राहिली की बक्कल तव्यासारखं तापते. आमच्या पिंकीच्या मांडीला मागच्या मे महिन्यात चटका बसला होता, फोड आला होता, अजून डाग आहे.

मृणाल (बी-३०४): बापरे. मी सीटवर मऊ दुलई टाकणार होते ना, घाम येऊ नये म्हणून.

डॉ. रश्मी (ए-४०३): दुलई, उशी, गादी पट्ट्याखाली काहीच नाही, फक्त सीटसोबत आलेलं. जाड काही असलं की पट्टा घट्ट वाटतो पण धडकेत ते दबतं आणि बाळ सैल पडतं. थंडीत स्वेटरचंही तेच, आधी बांधायचं, वरून शाल. उन्हात गाडी लावताना सीटवर ओला पंचा टाकून ठेव, बाळ बसवायच्या आधी काढ आणि बक्कल मनगटाच्या मागच्या बाजूने तपास. एसी आधी चालू कर.

निखिल (बी-४०१): पट्टा किती घट्ट ते मी मृणालला दाखवलं. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरायचा, चिमटीत घडी आली तर सैल. मागे तोंड असेल तर पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून आला पाहिजे. आणि सीट बेल्टपाशी धरून हलवली तर एका इंचापेक्षा जास्त हलायला नको, गुडघा टाकून दाबून बेल्ट ओढावा लागतो. आज सकाळी अर्धा तास घाम काढला तरी सीट किती तिरपी हवी ते दाखवणारी सीटवरच्या लेव्हलची रेषा जमेना.

स्वप्निल (ए-३०३): सकाळी कुठे घाम काढला?

निखिल (बी-४०१): रॅम्पवर.

स्वप्निल (ए-३०३): ...

निखिल (बी-४०१): ती पांढरी मृणालची गाडी आहे. तिने किल्ली मला दिली होती, मी लावून वर पाणी प्यायला आलो आणि इथे टाइप करत बसलो. सॉरी भाऊ, दोन मिनिटांत काढतो. आत्ता लक्षात आलं, लेव्हल रॅम्पवर जमणारच नाही, गाडी तिरपी उभी आहे. सपाट जागेवर लावूनच बघायची असते.

स्वप्निल (ए-३०३): माझ्या स्लॉटमध्ये लाव. मी जाऊनच राहिलो, संध्याकाळपर्यंत रिकामा आहे.

सेक्रेटरी भाऊ (ए-१०१): नोंद घ्या, दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये गाडी लावायला लेखी परवानगी लागते.

स्वप्निल (ए-३०३): ही लेखीच आहे भाऊ.

सुलभा काकू (बी-१०२): मी खाली जाऊन सीट घरी आणली. ह्यांनी कव्हर काढलं. आतला पांढरा थर्माकोलसारखा भाग आहे ना, त्याला डोक्याच्या बाजूला बोटभर लांब चीर आहे. कव्हर मी हातांनी धुतलं, पुन्हा चढवलं, पण आत बघितलंच नाही.

डॉ. रश्मी (ए-४०३): काकू, हेल्मेटच्या आत असतो तोच फोम. एकदा दबला की त्याचं काम संपलं. बाहेरून कोणालाच कळलं नसतं.

सुलभा काकू (बी-१०२): मी मृणालच्या बाळाला यात बसवायला दिली होती.

मृणाल (बी-३०४): काकू असं नका म्हणू. तुम्ही दिली म्हणून तर मी वाचायला लागले, नाहीतर बाळ मांडीवरच नेणार होते.

सुलभा काकू (बी-१०२): भंगारवाला रविवारी येतो, त्याला देते.

निखिल (बी-४०१): काकू देण्याआधी पट्टे कात्रीने कापून टाका आणि वर मार्करने खराब लिहा. नाहीतर तो धुऊन पुसून विकतो आणि कोणाच्या तरी लेकराखाली जाते.

सुलभा काकू (बी-१०२): रश्मी, एक विचारायचं होतं. मी समजले ओमला ही लहान झाली म्हणून दिली. तो चार वर्षांचा, १६ किलो. आता सूनबाई त्याला नुसता मोठ्यांचा बेल्ट लावते, तो मानेवर येतो म्हणून तो हाताखालून घेतो.

डॉ. रश्मी (ए-४०३): हाताखालून नाही काकू, तसा बेल्ट बरगड्या आणि पोट कापतो. १८ किलोपर्यंत पट्टेवाली सीटच, पुढे तोंड केली तरी चालेल. त्यानंतर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, त्याने बेल्ट खांद्यावर आणि मांडीच्या हाडावर बसतो, पोटावर नाही. बूस्टर लवकर सोडू नका. सूनबाईंना संध्याकाळी माझ्याकडे पाठवा.

प्रमोद काका (ए-२०१): नातू दिवाळीत येऊन राहिला पुण्याहून. आठ महिन्यांचा. निखिल, माझ्या गाडीच्या फटीत हात घालून पाहायला कधी येशील

निखिल (बी-४०१): उद्या ८ वाजता काका. सपाट जागेवर लावा.

सुलभा काकू (बी-१०२): पट्टे कापले. पाचही. मृणाल, घरी असशील तर वर येते, बाळाला बघितलं नाही आठ दिवसांत.

मृणाल (बी-३०४): या ना काकू. दार उघडंच आहे.