‘लाक्सामाना’ : फिलिपिनो आडनाव की आपला लक्ष्मण?

प्रश्न

मी रत्नागिरीचा, जहाजावर नोकरीला. या खेपेला आमच्या सेकंड मेटचं आडनाव ‘लाक्सामाना’ आहे. फिलिपिन्सचा, पक्का कॅथलिक. इतकी वर्षं फिलिपिनो खलाशांबरोबर काढली. देला क्रूझ, सांतोस, रेयेस, गार्सिया ढिगाने भेटले, पण लाक्सामाना हा पहिलाच. त्याला विचारलं तर म्हणाला, आजोबा सांगायचे की आपल्यात पूर्वी कुणी मोठा दर्यावर्दी होऊन गेला. मला मात्र नाव ऐकल्या ऐकल्या लक्ष्मण आठवला. हा नुसता कानाचा भास, की खरंच काही नातं आहे? आणि हे नाव एवढं विरळ का?

प्रतिसाद

मला लक्ष्मण ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत ‘लाक्सा’ म्हणजे दहा हजार आणि ‘माना’ म्हणजे वारसा. दोन्ही रोजच्या ओळखीचे शब्द. ‘दहा हजारांचा वारसा’, म्हणजे कुण्या धनवान घराण्याचं नाव असेल. जवळचं सोडून लांबचं कशाला शोधायचं?

प्रतिसाद

कान बरोबर आहे तुमचा, दादा. हा आपला लक्ष्मणच. फक्त तो अयोध्येहून सरळ फिलिपिन्सला पोचला नाही. वाटेत मलायी दरबारात त्याने मोठा हुद्दा मिळवला.

मलायी भाषेत ‘लक्समाना’ म्हणजे आरमाराचा प्रमुख. पंधराव्या शतकात मलाक्काच्या (आजच्या मलेशियातलं बंदर) सुलतानाच्या दरबारी हे फार वरचं पद होतं. मलायी आख्यानांत सर्वांत गाजलेला वीर हांग तुआ हा लक्समानाच. त्याच दरबारातल्या ‘बेंदाहारा’ या मानकऱ्याचं नाव आपल्या भांडाराच्या कुळातलं आहे. इंडोनेशियाच्या नौदलात ॲडमिरलला आजही लक्समानाच म्हणतात. संस्कृतात लक्ष्मण म्हणजे शुभ लक्षणं अंगी असलेला. पण मलायी लोकांनी शब्दाची व्युत्पत्ती पाहून हे पद ठरवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी माणूस पाहिला असावा : राजाच्या मागे धनुष्य घेऊन रात्रभर जागणारा भाऊ. धन्याच्या रक्षणासाठी नेमलेल्या सेनानीला याहून चांगलं नाव कुठलं मिळणार?

पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. तिथे पोर्तुगिजांची गाठ या पदाशी पडली. त्यांच्या कागदांत ते ‘लाकेसिमेना’ अशा रूपात येतं, आणि ते वाचताना लक्ष्मण पटकन ओळखूही येत नाही.

आता मलाक्काचा शब्द फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर कसा गेला? त्या काळी सगळ्या बेटांच्या व्यापाराची बोली मलायीच होती. स्पेनतर्फे सफरीवर निघालेल्या मॅगेलनबरोबर एन्रीके नावाचा मलायी गुलाम होता. १५२१ मध्ये जहाजं फिलिपिन्सला लागली तेव्हा त्याचं बोलणं तिथल्या लोकांना कळलं, अशी नोंद त्या सफरीतल्या पिगाफेत्ताने केली आहे. मनिलाच्या राज्यकर्त्यांची ब्रुनेईशी सोयरीक होती, आणि १५७१ मध्ये स्पॅनिश लोकांनी शहर घेतलं तेव्हा तिथे सुलायमान नावाचा ‘राजा’ होता. ‘राजा’ तिथवर पोचला, मग ‘लक्समाना’ पोचला यात नवल नाही. गुरूला तिथे ‘गुरो’, मुखाला ‘मुखा’ आणि कथेला ‘काथा’ म्हणतात, तेही याच वाटेने आलेले.

वरच्या ‘लाक्सा’ अधिक ‘माना’ या फोडीबद्दल. दोन्ही शब्दांचे अर्थ बरोबर दिलेत, पण तागालोगमध्ये संख्येनंतर नाम येताना मधे जोड लागते. ‘सानलाक्सांग माना’ असं काहीतरी व्हायला हवं होतं. शिवाय अख्खा शब्द जसाच्या तसा शेजारच्या भाषेत शतकानुशतकं पदवी म्हणून उभा असताना त्याचे दोन तुकडे कशाला करायचे? पण तुमच्या ‘लाक्सा’मुळे एक सुंदर गोष्ट समोर आली. तो शब्दही आपलाच ‘लक्ष’. आपल्याकडे लक्ष म्हणजे लाख आणि अयुत म्हणजे दहा हजार. तागालोगमध्ये ‘लाक्सा’ म्हणजे दहा हजार आणि ‘युता’ म्हणजे लाख. समुद्र ओलांडताना दोघांनी जागा बदलल्या!

आणखी एक खबरदारी. सुरुवातीला ‘लाक’ दिसलं की सगळी आडनावं एका माळेत ओवायची नाहीत. ‘लाकांदुला’तलं ‘लाकान’ ही तिथल्या राज्यकर्त्याची पदवी, आणि दुला हे नाव. ‘लाकसोन’ चिनी होक्किएन बोलीतून आलंय, अर्थ सहावा नातू. ‘लाक्सामाना’ संस्कृतातून. तीन ‘लाक’, तीन वेगळी गावं.

विरळ का, तर त्याचं उत्तर १८४९ च्या एका हुकुमात आहे. तोवर बहुतेक फिलिपिनो लोकांना घराण्याचं कायमचं आडनाव नव्हतं. बाप्तिस्मा झाला की अनेक जण ‘देला क्रूझ’ किंवा ‘दे लोस सांतोस’ लावायचे, आणि बापाचं एक, मुलाचं दुसरं असंही चालायचं. कराच्या याद्या लिहिणारे हैराण. गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरियाने २१ नोव्हेंबर १८४९ ला फर्मान काढलं आणि सुमारे ६१ हजार आडनावांची छापील यादी प्रांतोप्रांती धाडली. (काटेकोरपणा याच्या अंगातच असावा. १८४४ ची ३१ डिसेंबर ही तारीख फिलिपिन्सच्या पंचांगातून गाळून सगळ्या बेटांना आशियाच्या वारांशी जुळवून घेणारा हाच.) यादीत स्पॅनिश नावं होती, गावांची, झाडांची, गुणांची नावं होती आणि देशी शब्दही होते. काही भागांत यादीची पानं गावागावांत वाटली गेली. म्हणून अल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही ‘र’पासून सुरू होणारी आडनावं घरोघरी सापडतात.

ज्या घराण्याने चार पिढ्या एकच आडनाव लावलं असेल त्याला ते ठेवण्याची मुभा होती. जुनी देशी नावं त्या मुभेमुळेही टिकली. बातांगासकडची ‘दिमागिबा’ (न ढासळणारा), ‘दिमायुगा’ (न हलणारा) ही नावं मला फार आवडतात. प्रत्येक नावात एक ताठ माणूस उभा आहे. पण संतांच्या आणि स्पॅनिश नावांच्या पुरात अशी नावं थोडीच राहणार. लाक्सामाना त्यांतलंच एक. मध्य लुझोनमध्ये, पाम्पांगाच्या बाजूला ते भेटतं, बाकी ठिकाणी क्वचित.

म्हणून तुमच्या मेटच्या आजोबांची गोष्ट ऐकताना मी थोडा थांबेन. नावाचा अर्थ त्यांनी अचूक सांभाळला आहे, दर्यावर्दी हे खरंच. पण जिथे हजारो घरांना नावं कागदावरून मिळाली, तिथे नुसत्या आडनावावरून रक्ताचा वंश काढता येत नाही. अर्थ टिकला हेच मला जास्त मोलाचं वाटतं.

अजून एक सांगायचं राहिलं. दक्षिणेला मिंडानाओत मारानाव लोकांची स्वतःची रामकथा आहे, ‘महारादिया लावाना’. लावाना म्हणजे रावण. तिच्यात रामाच्या जागी मंगांदिरी आहे आणि लक्ष्मणाच्या जागी मंगावर्ना. म्हणजे जिथे कथा राहिली तिथून लक्ष्मणाचं नाव गेलं, आणि जिथे नाव राहिलं तिथे कथा कुणाला ठाऊक नाही.

प्रतिसाद

आपल्याकडचं उदाहरण अगदी जवळ आहे. कान्होजी आंग्र्यांची ‘सरखेल’ ही पदवी. आरमाराचा मुख्य, आणि पुढे सरखेल हे आडनावही झालं. ‘दर्यासारंग’मधला सारंगही तसाच. पण हे दोन्ही शब्द आपण फारसीतून घेतले. रामायण घरात असून आरमाराला शब्द बाहेरून आणला, आणि मलायी लोकांनी आरमाराला शब्द रामायणातून नेला!

प्रश्नकर्ता

फार आभार. आजच चहाच्या वेळी मेटला सगळं सांगितलं. रामाचा भाऊ, चौदा वर्षांचा वनवास, आईभावांना सोडून निघणं. शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘म्हणजे तोही घर सोडून निघालेलाच.’ मला पुढे बोलवेना.

एकच शंका. मराठीत लिहायचं कसं? लॅकसमाना?

प्रतिसाद

नको. त्यातल्या ‘क’साठी स्पॅनिश लोक रोमन लिपीतलं ‘सी’ अक्षर लिहायचे, आणि ते इंग्रजीसारखं वाचून आपण ‘लॅक’ म्हणतो. ‘मागसायसाय’चं आपण वर्तमानपत्रांतून असंच ‘मॅगसेसे’ करून टाकलं. विनोबांपासून आमट्यांपर्यंत इतक्या आपल्या माणसांना त्या नावाचा पुरस्कार मिळाला, पण त्याचा तागालोग अर्थ ‘सांगणे, कथन करणे’ आहे हे आपल्यापर्यंत कधी आलंच नाही. तेव्हा निदान हे तरी नीट लिहू या : लाक्सामाना. ‘मा’वर जोर द्यायचा. आणि लिहून झालं की एकदा त्यालाच मोठ्याने म्हणायला सांगा.